थडग्यातला प्लॅटफॉर्म गेम बांधताना: उडी, खोल्या आणि सापळे

जुन्या धाटणीचा, थडग्यात उतरून खजिना शोधायचा प्लॅटफॉर्म गेम बनवायला घेतला की बहुतेक जण आधी चित्रं काढतात. ममी, मशाली, भिंतीवरची चित्रलिपी. पंधरा दिवसांनी उडी बदलावीशी वाटते आणि तोवर बांधलेल्या सगळ्या खोल्या बिघडतात. म्हणून इथला क्रम उलटा आहे: आधी उडी, मग त्या उडीच्या मापाने खोल्या, मग सापळे, आणि रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. खालचे आकडे कोणत्याही इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, चालतात. ते एकमेकांशी जुळवलेले आहेत, त्यामुळे एक बदललात तर बाकीचे पुन्हा मोजा.

पडदा आणि घड्याळ

आतलं चित्र २५६ × १९२ पिक्सेलचं ठेवा. ऐंशीच्या दशकातल्या एमएसएक्स आणि झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकांचं रिझोल्यूशन हेच होतं. टाइल, म्हणजे खोली ज्यातून रचायची तो चौकोनी तुकडा, १६ × १६ ची घेतली की पडद्यावर १६ स्तंभ आणि १२ ओळी बसतात. वरची एक ओळ गुण, प्राण आणि किल्ल्यांसाठी. उरलेल्या १६ × ११ मध्ये एक खोली. हा पडदा फक्त पूर्ण पटीत मोठा करा. १९२० × १०८० च्या मॉनिटरवर पाचपट, म्हणजे १२८० × ९६०, आणि भोवती काळी चौकट. पडदा भरायच्या हट्टाने ५.६२५ पट केलंत तर काही पिक्सेल पाच ठिपक्यांचे, काही सहाचे होतात आणि पात्र चालताना त्याचा चेहरा लुकलुकतो.

खेळाचं गणित सेकंदाला ६० वेळा, ठरावीक पावलाने चालवा. पडदा किती वेळा रंगवला जातो याच्याशी त्याचा संबंध ठेवू नका. तो ठेवलात तर १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर गेम २.४ पट वेगाने धावेल. मागच्या वेळी पडदा रंगवल्यापासून गेलेला वेळ साठवत राहायचा आणि साठा एक-साठांश सेकंदाचा झाला की एक पाऊल टाकायचं, एवढंच. पुढे ‘फ्रेम’ म्हणजे असं एक पाऊल.

उडी

नायकाचं चित्र १६ × १६ असलं तरी टक्कर तपासायची चौकट १० × १४ ची ठेवा, पायाशी टेकलेली आणि मध्यावर. मग तो एका टाइलच्या बोळातून जातो आणि एका टाइलच्या भोकात पडूही शकतो.

आता उडीची उंची. नायक दोन टाइल (३२ पिक्सेल) सहज चढला पाहिजे आणि तीन टाइल (४८ पिक्सेल) कधीच चढता कामा नये. म्हणून लक्ष्य ३८ पिक्सेल, आणि शिखर गाठायला २० फ्रेम. गुरुत्व म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग: ७६ ÷ ४०० = ०.१९ पिक्सेल प्रति फ्रेम, दर फ्रेमला. सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ: ७६ ÷ २० = ३.८.

इथे एक बारीक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक फ्रेममध्ये आधी वेगातून गुरुत्व वजा करून मग नायकाला हलवलंत तर शिखर ३६.१ पिक्सेलवर येतं. आधी हलवून मग वजा केलंत तर ३९.९ वर. ३.८ पिक्सेलचा हा फरक फक्त दोन ओळींच्या क्रमाचा आहे. दोन्ही आकडे ३२ आणि ४८ च्या मध्ये असल्याने कोणताही क्रम चालेल, पण एकदा ठरवून तो बदलू नका. पुढचं सगळं गणित पहिल्या क्रमाचं, म्हणजे ३६.१ चं आहे.

चालण्याचा वेग फ्रेमला १.५ पिक्सेल. सपाट जमिनीवरची पूर्ण उडी ३९ फ्रेमची होते, म्हणजे ५८.५ पिक्सेल. पण ओलांडता येणारा खड्डा त्याहून मोठा असतो, कारण नायक चौकटीचा एक पिक्सेल कडेवर टेकवून उडू शकतो आणि पलीकडे एक पिक्सेल टेकवून उतरू शकतो. हिशेब केला तर मर्यादा ६६.५ पिक्सेल येते. त्याचा अर्थ असा:

- ३ टाइलचा खड्डा (४८ पिक्सेल): १८.५ पिक्सेलची, म्हणजे सुमारे १२ फ्रेमची सवलत. नेहमीच्या वाटेवर हाच कमाल खड्डा.
- ४ टाइलचा (६४): जेमतेम २.५ पिक्सेल. फक्त लपलेल्या खजिन्याच्या वाटेवर.
- ५ टाइलचा (८०): अशक्य. म्हणजे कुलूप न लावताही वाट बंद.

कडेवरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम उडी मारू देतात, त्याला कोयोटी टाइम म्हणतात. तो ५ फ्रेमचा ठेवा. त्याने जास्तीत जास्त ७.५ पिक्सेल वाढतात, ६६.५ चे ७४ होतात, चार टाइलचा खड्डा माणसाला जमण्याजोगा होतो आणि पाच टाइलचा बंदच राहतो. अंदाजाने दहा-बारा फ्रेम दिल्यात तर हीच भिंत ढासळायला लागते. जमिनीला टेकण्याच्या ६ फ्रेम आधीपर्यंत दाबलेलं बटणही लक्षात ठेवा आणि टेकताच उडी द्या. हे नसलं की खेळणारा म्हणतो, ‘बटण नीट लागत नाही.’

बटण लवकर सोडलं तर उडी छोटी व्हावी. वर जाण्याचा वेग १.२ पेक्षा जास्त असताना बटण सुटलं की तो थेट १.२ करा. चार फ्रेममध्ये सोडलेली उडी मग १६.५ पिक्सेल भरते, म्हणजे एक टाइल चढायला पुरते. जुन्या अनेक गेममध्ये उडी एकाच मापाची असायची आणि हवेत दिशाही बदलता यायची नाही. ती शिस्त मोकळ्या मैदानात शोभते. थडग्याच्या ठेंगण्या छताखाली तिचा जाच होतो.

पडण्याचा वेग ४ वर अडवा. आता उंचावरून पडून मरणं हवं असेल, तर ते आदळतानाच्या वेगावरून ठरवू नका. साधारण ४४ पिक्सेल पडल्यावर वेग चारच राहतो, त्यामुळे तीन टाइल आणि दहा टाइल यांत फरकच कळत नाही. पिक्सेल मोजा, आणि तेही शेवटच्या जमिनीपासून. शिखरापासून मोजलंत तर त्याच कड्यावरून चालत उतरणारा वाचतो आणि उडी मारणारा मरतो. दोर किंवा शिडी पकडली की मोजणी शून्य.

टक्कर

आधी आडवं हलवा, भिंतीशी टक्कर सोडवा. मग उभं हलवा, जमीन आणि छत तपासा. दोन्ही दिशा एकदम हलवल्यात तर नायक फरशांच्या सांध्यावर अडखळतो, कारण पायाखालची टाइल भिंत म्हणून मोजली जाते.

जागा अपूर्णांकात साठवा, रंगवताना खालच्या पूर्णांकाकडे न्या. नुसता अपूर्णांक छाटणारी पद्धत वापरू नका. ती शून्याच्या दोन्ही बाजूंना शून्याकडेच ओढते, त्यामुळे खोलीच्या डाव्या काठावर नायक क्षणभर थबकल्यासारखा दिसतो. खऱ्या आठ-बिट यंत्रासाठी लिहीत असाल तर १ पिक्सेलचे २५६ भाग धरा: चाल ३८४, गुरुत्व ४९, उडी ९७३.

छताच्या कोपऱ्याला डोकं ३ पिक्सेल किंवा त्याहून कमी घासत असेल तर नायकाला तेवढं बाजूला सरकवा आणि उडी चालू ठेवा. शिडीवर चढू देण्यासाठी त्याचा मध्य शिडीच्या मध्यापासून ४ पिक्सेलच्या आत असावा आणि पकडताच तो मध्यावर आणावा. शिडीचं वरचं टोक खालून आरपार जाता येणारा, वरून मात्र उभं राहता येणारा कट्टा असतं. ते विसरलं की नायक टोकाशी वरखाली थरथरत राहतो.

हे सगळं एका करड्या, बिनचित्रांच्या खोलीत जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

थडग्याचा नकाशा

इजिप्तच्या राजांच्या खोऱ्यातली थडगी नकाशासाठी आयती शाळा आहेत. तुतनखामेनचं थडगं (केव्ही ६२) लहान: १६ पायऱ्या, उतरता बोळ, पुढचं दालन, त्याला जोडलेली अडगळीची खोली, दफनकक्ष आणि कोषागार. पहिल्या स्तराला एवढं पुरतं. मोठा नमुना हवा असेल तर पहिल्या सेतीचं थडगं (केव्ही १७) पाहा. तिथे वाटेत एक खोल विहीर आहे आणि तिच्या पलीकडची भिंत गिलावा करून, चित्रं काढून अशी बंद केली होती की थडगं तिथेच संपलं असं वाटावं. १८१७ मध्ये बेल्झोनी हा इटालियन शोधक त्या भिंतीपलीकडे गेला तेव्हा पुढची दालनं सापडली. गेममध्ये हेच करा: विहिरीशी स्तर संपल्याचा भास, आणि समोरच्या भिंतीवरच्या चित्रात एकच टाइल किंचित वेगळी.

विषारी बाणांचे सापळे ही मात्र कल्पनेची देणगी. खऱ्या बांधकामात चोरांना अडवायला दगड असायचे. खुफूच्या पिरॅमिडमध्ये चढत्या बोळाच्या तोंडाशी ग्रॅनाइटचे तीन ठोकळे ठासलेले आहेत आणि राजाच्या दालनाआधीच्या छोट्या खोलीत वरून सोडायच्या दगडी पडद्यांच्या खाचा आहेत. पडणारा दगड म्हणूनच या विषयाला बाणापेक्षा जास्त शोभतो.

२४ खोल्यांपासून सुरुवात करा. टाइलला एक बाइट धरला तर एक खोली १७६ बाइट, सगळं थडगं ४,२२४ बाइट. आज ही काटकसर लागत नाही, पण लहान नकाशाची शिस्त लागते. १९८२ च्या ‘पिटफॉल!’ या जंगलातल्या गेममध्ये २५५ पडदे होते आणि ते एकेक साठवलेले नव्हते. आठ बिटांच्या एका गणिती क्रमातून निघत होते. मोह होईल, पण थडग्याला ही युक्ती लावू नका. जंगलातली दोन ठिकाणं सारखी दिसली तर चालतं, थडग्यातली खोली ओळखू आली पाहिजे.

आता कागदावर खोल्यांची वर्तुळं आणि दारांच्या रेघा काढा. कोणती किल्ली कुठे, हे लिहा आणि एक तपासणी नक्की करा. कोणतीही किल्ली कोणतंही दार उघडत असेल, आणि एका किल्लीसमोर दोन दारं असतील, त्यातलं एक नुसत्या खजिन्याच्या बंद खोलीत जाणारं आणि दुसरं पुढच्या किल्लीकडे नेणारं, तर चुकीचं दार उघडणारा कायमचा अडकतो. त्याला ते अर्ध्या तासाने कळतं. उपाय सोपा आहे: किल्ल्यांना आणि दारांना रंग द्या.

बक्षिसांचं अंतरही इथेच ठरवा. १९८४ च्या ‘मॉन्टेझुमाज रिव्हेंज’ मध्ये पहिली किल्ली पहिल्याच खोलीत समोर दिसते. पण शिडी, दोर, पुन्हा शिडी, मग फिरती कवटी एवढं पार केल्याशिवाय एकही गुण मिळत नाही. २०१५ मध्ये अटारीचे खेळ आपोआप शिकणारी जी प्रणाली गाजली, तिला या गेममध्ये शून्य गुण पडले, ते याच कारणाने. माणसाला किल्ली दिसते म्हणून तो टिकतो. पण किल्ली न दिसणाऱ्या खोल्यांत दर आठ-दहा सेकंदांच्या वाटेवर एखादं नाणं, एखादा स्कॅरब (भुंग्याच्या आकाराचा इजिप्शियन ताईत) ठेवाच.

खोलीतून खोलीत

शेजारच्या खोल्यांच्या कडा जुळतात का हे डोळ्यांनी पाहू नका, छोटा प्रोग्राम लिहा: या खोलीच्या उजव्या स्तंभात जिथे मोकळी टाइल, तिथे पुढच्या खोलीच्या डाव्या स्तंभातही मोकळी हवी. प्रवेशापासून दोन टाइलपर्यंत सापळा नको, कारण पडदा बदलल्यावर डोळ्यांना स्थिरावायला वेळ लागतो.

उडी मारून वरच्या खोलीत जाणं शक्यतो टाळा. नायक वेग संपता संपता वर पोचतो, लगेच खाली पडतो, आणि दोन्ही पडदे आळीपाळीने चमकतात. वर जायला शिडी द्या. उडीच हवी असेल तर सीमा ओलांडताना वरचा वेग किमान २ करा आणि वरच्या खोलीत भोकाच्या शेजारीच टेकायला जागा ठेवा. तेवढ्या वेगात सुमारे ९ पिक्सेल मिळतात, जास्त नाही.

मेल्यावर नायक कुठे उभा करायचा? खोलीत शिरल्याची जागा, असं उत्तर पटकन येतं. १९८४ च्या ‘जेट सेट विली’ मध्ये नेमकं हेच होतं, आणि उंचावरून पडत खोलीत आलेला विली पुन्हा त्याच जागी पडता पडता उगवायचा. एकामागोमाग सगळे प्राण जायचे. म्हणून शेवटची घट्ट जमीन साठवा: जिथे नायक सलग १० फ्रेम उभा होता, आणि जी टाइल ढासळणारी नाही.

सापळे

नियम एकच: सापळा पहिल्यांदा पाहणाराही लक्ष ठेवून असेल तर वाचला पाहिजे. १९८९ च्या ‘रिक डेंजरस’ मध्ये कित्येक सापळे मेल्याशिवाय कळतच नाहीत. त्या गेमचे चाहते आजही आहेत, पण तो खेळ पाठांतराचा होतो.

पडणारा ग्रॅनाइटचा दगड घ्या. एक टाइल रुंद, तीन टाइल खाली पडणारा. त्याखालून नायकाला पार व्हायला १६ + १० = २६ पिक्सेल चालावं लागतं, म्हणजे १८ फ्रेम. म्हणून पडण्याआधीची थरथर २० फ्रेमची ठेवा. मग थरथर सुरू होण्याच्या क्षणी आत शिरलेलाही बाहेर पडतो. दगड दोन टाइल रुंद केलात तर २८ फ्रेम लागतात, तिथे थरथर ३० ची. पूर्ण फेरा असा: ६० फ्रेम शांत, २० थरथर, फ्रेमला ४ पिक्सेलने १२ फ्रेमचं पडणं, ३० फ्रेम खाली, मग अर्ध्या पिक्सेलने ९६ फ्रेमचं चढणं. एकूण २१८, म्हणजे साडेतीन सेकंदांच्या थोडं वर. याहून लांब फेरा कंटाळवाणा होतो.

सगळ्या सापळ्यांची घड्याळं खोलीत शिरताच शून्यावर आणा. गेम सुरू झाल्यापासूनचं एकच घड्याळ वापरलंत तर तीच खोली दर वेळी वेगळी वागते आणि शिकलेलं वाया जातं.

ढासळणारी फरशी पाय पडल्यापासून २४ फ्रेमने जावी आणि १८० फ्रेमने परत यावी. ती परत येताना नायक तिथेच असेल तर थांबा, नाहीतर तो दगडात अडकतो. सुळ्यांची मारक चौकट चित्रापेक्षा लहान, १२ × ८, तळाशी. शंका आली की मारणाऱ्या वस्तूची चौकट लहान आणि उचलायच्या वस्तूची मोठी.

ममी

गस्तीची ममी अर्ध्या पिक्सेलने चालते, पाठलाग करणारी एका पिक्सेलने. नायकाच्या १.५ च्या बरोबरीची ममी कधीच नको. वळण्यासाठी पुढच्या पायाखाली एक पिक्सेल तपासा: जमीन नाही किंवा समोर भिंत आहे, तर वळा. वळल्यावर ८ फ्रेम पुन्हा तपासू नका. एरवी एका टाइलच्या कट्ट्यावर ती जागच्या जागी फडफडते.

छताची उंची इथे घात करते. ममीची चौकटही १० × १४ धरा. समोरून येणाऱ्या ममीवरून जायला एकूण २० पिक्सेल पार करावे लागतात. दोघांचा मिळून वेग २, म्हणजे १० फ्रेम. मोकळ्या जागेत नायक १४ पिक्सेलच्या वर सुमारे ३० फ्रेम असतो, काही प्रश्न नाही. पण दोन टाइल उंच बोळात डोकं १८ पिक्सेलवर छताला लागतं, वेग शून्य होतो आणि तो ममीच्या वर जेमतेम ८ फ्रेम राहतो. उडी दिसायला शक्य, प्रत्यक्षात अशक्य. ममी असलेल्या वाटेवर छत किमान तीन टाइल उंच ठेवा, किंवा भिंतीत लपायला कोनाडा द्या.

रंग, उजेड, आवाज

इजिप्तच्या चित्रकारांची रंगपेटी छोटी होती: पिवळी आणि लाल गेरू, इजिप्शियन निळा, मॅलकाइटचा हिरवा, काजळीचा काळा, जिप्समचा पांढरा. तेवढ्यात भागवा. मागची चित्रलिपी दोन गडद छटांतच रंगवा. उभं राहता येतं त्या टाइलच्या वरच्या कडेला उजळ रेघ द्या. झळझळीत पिवळा फक्त खजिन्याला. झेडएक्स स्पेक्ट्रमचा भास हवा असेल तर ८ × ८ च्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग, हा नियम कडक पाळा. अर्धवट पाळला की तो चुकीसारखा दिसतो.

मशालीचा उजेड उडीपेक्षा लांब पोचला पाहिजे. पूर्ण उडी ५८.५ पिक्सेलची, तर उजेडाची त्रिज्या किमान ७२. चाळीसची त्रिज्या वातावरण छान करते आणि प्रत्येक उडी जुगार करते. उजेड ८ × ८ च्या चौकोनांत मोजा: ३२ × २२, म्हणजे ७०४ चौकोन. काम हलकं होतं आणि कडा आपोआप जुनी दिसते.

आवाजाला तीन चॅनल धरा, त्या काळच्या एवाय-३-८९१२ चिपसारखे. दोन संगीताला, तिसरा परिणामांसाठी राखीव. तिन्ही संगीतात गुंतवलेत तर दगडाची थरथर ऐकूच येत नाही, आणि ती तर सापळ्याची सूचना आहे.

तपासणी

दर फ्रेमला दाबलेली बटणं एका बाइटमध्ये साठवा. दहा मिनिटांच्या खेळाला ३६,००० बाइट लागतात. ठरावीक पाऊल आणि स्वतःचा, बीज (सुरुवातीचा आकडा; तो तोच दिला की क्रमही तोच येतो) देता येणारा यादृच्छिक आकड्यांचा क्रम वापरला असेल, तर ही नोंद पुन्हा चालवली की अगदी तोच खेळ उमटतो. चोवीसही खोल्या पार करणारी एक नोंद जपून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर चालवा. नायक जिथे अडकेल तिथली उडी, दगड किंवा कडा तुमच्या ताज्या बदलाने हलली आहे. मग गेम एखाद्या नव्या माणसाच्या हाती द्या, काहीही न सांगता शेजारी बसा आणि प्रत्येक मरणाची खोली कागदावर लिहा. एकाच जागी सलग पाच मरणं दिसली तर आधी त्या सापळ्याची पूर्वसूचना लांबवा. सापळा काढून टाकायची वेळ क्वचितच येते.